गिरणगावातला रंगमंच आणि जागेचा भाव

 

आजची गोष्ट मुंबईची आहे, पण ती आपल्या गावापासून लांबची नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर, कुठल्याही बाजूच्या गावात जा. एखाद्या घरात तरी ऐकायला मिळतं, की आमचे आजोबा गिरणीत होते, चुलते गिरणीत होते. त्यांच्या मनिऑर्डरीवर इकडं चूल पेटायची, पेरणीचं बी यायचं, पोरीचं लग्न निघायचं. ते राहायचे त्या भागाला गिरणगाव म्हणत. लालबाग, परळ, लोअर परळ, शिवडी, भायखळा, चिंचपोकळी, वरळी हा सगळा पट्टा. नावातच गाव होतं आणि ते उगाच नव्हतं.

या गिरणगावात गाणं, नाटक, तमाशा, नमन, भजन, शाहिरी असं खूप काही नांदत होतं. आज तिथं उंच काचेच्या इमारती आहेत, मोठमोठी दुकानं आहेत आणि जुन्या रंगमंचांपैकी फार थोडं उरलंय. हे कसं झालं? कलाकार संपले म्हणून झालं, की प्रेक्षकाला आवड राहिली नाही म्हणून? नीट पाहिलं तर वेगळंच कारण दिसतं. जागेचा भाव वाढला, प्रेक्षक त्या जागेवरून हलला आणि त्याच्यामागून रंगमंच गेला. गट चालवणाऱ्या, मंडळ चालवणाऱ्या बायांना हा हिशेब कळायला हवा, म्हणून आजचा हा विषय.

गाव मुंबईत आलं, तेव्हा कला घेऊन आलं

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी काढली. कंपनी १८५४ साली निघाली आणि १८५६ साली ताडदेवला गिरणीचा भोंगा वाजला. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत गिरण्यांची रांगच उभी राहिली. कोकणातून आणि घाटावरून माणसं येत गेली. बहुतेक पुरुष एकटे यायचे. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-पंधराजण पाळीपाळीनं झोपायचे. एकाची रात्रपाळी, दुसऱ्याची दिवसपाळी, वळकटी मात्र एकच.

जेवायला खाणावळी होत्या. त्या चालवायच्या बाया. दोन वेळचं जेवण घालायचं आणि महिन्याच्या पगाराला पैसे घ्यायचे. याच बायांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बचत गट हा शब्द आपल्या तोंडी रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. गिरणीतही बाया होत्या. १९२०च्या दशकात साधारण पाच कामगारांमागं एक बाई असायची. पुढं ते प्रमाण घटत गेलं.

एकटी राहणारी ही माणसं गावाला धरून होती. एका गावचे लोक एका खोलीत, एका तालुक्याचे एका चाळीत. गावचं मंडळ मुंबईत निघायचं. कोकणातल्या मंडळांनी नमन-खेळे आणले, जाखडी आणली, शक्ती-तुऱ्याचे सामने आणले, दशावतार आणला. घाटावरच्यांनी भजन, भारूड, पोवाडा आणि तमाशा आणला. गणपतीत मेळे निघायचे. शिमग्याला चाळीच्या आवारात सोंगं नाचायची.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवा. ही गावची मंडळं प्रयोग लावायची, तिकिटं विकायची आणि उरलेला पैसा गावाला पाठवायची. कितीतरी गावांत शाळेच्या खोलीला, देवळाच्या सभामंडपाला, पाण्याच्या टाकीला मुंबईकर मंडळाचा हातभार लागलेला आहे. म्हणजे मुंबईतला तो रंगमंच गावच्या सार्वजनिक कामाची एक तिजोरीही होता. तो बंद पडला तेव्हा नुकसान मुंबईचं झालं तसं गावाचंही झालं.

रंगमंच कुठं कुठं होते

मुंबईत नाटकाची सुरुवात गिरगाव आणि ग्रँट रोडच्या बाजूला झाली. जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली आणि १८४६ साली ग्रँट रोडचं नाट्यगृह उभं राहिलं. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ साली आपली मंडळी मुंबईत आणून खेळ केले. त्या भागात पुढं इतकी नाटकघरं झाली, की इंग्रजीतल्या ‘प्ले हाऊस’चं लोकांच्या तोंडी ‘पिला हाऊस’ झालं. तमाशाही तिथं रंगायचा. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव आणि हिवरगावच्या पवळाबाई यांनी मुंबई गाजवली. पुढं १९३१-३२ साली बोलपट आले. नाटकघराच्या मालकाला सिनेमा परवडायला लागला. रोज तीन खेळ, नटांचा पगार नाही, बिऱ्हाड सांभाळणं नाही. पिला हाऊसच्या बहुतेक नाटकघरांची सिनेमाघरं झाली. जागेचा मालक वेगळा आणि कलाकार वेगळे असले की काय होतं, त्याचा हा पहिला धडा होता.

गिरणगावात मात्र रंगमंच वाढतच राहिला. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालयं, शिवणवर्ग अशी कामं सुरू झाली. परळला याच संस्थेचं दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभं राहिलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मार्च १९२४ रोजी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली आणि त्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. सकाळी कामगारांची सभा, दुपारी कोकणातल्या मंडळाचं नमन आणि रात्री नाटक, असं सगळं त्या एका छताखाली चालायचं.

लालबागला हनुमान थिएटर होतं, ते तमाशासाठी. गावोगावचे फड तिथं मुक्कामाला यायचे. पाळी सुटली की कामगार तिकीट काढून आत शिरायचा.

आणि उघड्यावरचे रंगमंच तर किती! मैदानात, चाळीच्या चौकात, गिरणीच्या दारात. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. त्यांच्या प्रयोगाला माणसं हजारांनी यायची. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदानं भरवली. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड तुम्ही ऐकली असेल. गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरणारा कामगार तिच्यात आहे. ती मैना म्हणजे आपल्या आज्या-पणज्या. त्यातल्या बहुतेकजणींनी गिरणगावातला रंगमंच कधी पाहिला नाही. शेत, म्हातारी माणसं, गुरं आणि पोरं त्यांनी सांभाळली, म्हणून तर पुरुष मुंबईला राहू शकला. त्या रंगमंचाच्या उभारणीत त्यांचाही वाटा होता, कुठल्या फलकावर त्यांचं नाव नसलं तरी.

मंडळ चालायचं कशावर

आता जरा हिशेबाकडं वळू. नाटक मंडळ किंवा फड चालवायचा तर चार गोष्टी लागतात. परवडणारी जागा. जवळ राहणारा प्रेक्षक. कलाकारांना देण्यापुरता पैसा. आणि हे सगळं सांभाळणारं, कागद नीट ठेवणारं माणूस.

गिरणगावात पहिल्या दोन गोष्टी सहज मिळायच्या. तालीम चाळीच्या गच्चीवर, व्यायामशाळेत नाहीतर एखाद्या शाळेच्या वर्गात. भाडं नाही, फार तर दिव्याचे पैसे. प्रेक्षक शेजारच्या चाळीतला. त्याला गाडीभाडं लागत नव्हतं. पगार झाला की त्याच्या खिशात तिकिटापुरते पैसे असायचे. कलाकार स्वतः गिरणीत कामाला, त्यामुळं त्याचं पोट नाटकावर अवलंबून नव्हतं. कामगार कल्याण केंद्रांच्या नाट्यस्पर्धा असायच्या, त्यात बक्षीस मिळालं तर पुढच्या नाटकाचा खर्च निघायचा. कमी पैशात मोठं काम होत होतं, कारण जागा आणि माणसं जवळजवळ फुकट मिळत होती.

पण याच्यातच एक कच्चा धागा होता. फुकट मिळणारी जागा कुणाच्या तरी मेहेरबानीवर असते. गच्ची मालकाची, वर्ग शाळेचा, मैदान गिरणीचं. कागदावर मंडळाचं काहीच नाही. चांगल्या दिवसांत हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

फडाचं गणित याहून अवघड. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसं असतात. नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, कनाती बांधणारे, स्वयंपाकी, गाडीचे चालक. हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांपर्यंत चालतो. पावसाळा रिकामा. त्या रिकाम्या दिवसांत कलाकार मालकाकडून उचल घेतात, आणि मालक ती देण्यासाठी स्वतः कर्ज काढतो. पाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यात नारायणगावला राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन सुपाऱ्या ठरवतात. अशा फडाला मुंबईतलं थिएटर म्हणजे मोठा आधार. एका जागी मुक्काम, रोजचा गल्ला, गाड्या पळवायला नकोत, कनाती बांधायला नकोत.

फड चालवण्यात बायाही मागं नव्हत्या. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावावर फड चालला. कांताबाई सातारकर यांनी तुकाराम खेडकर गेल्यानंतर स्वतःच्या हिमतीवर फड उभा केला आणि अनेक वर्षं चालवला. शास्त्रीय गाण्यातल्या हिराबाई बडोदेकर यांनी नाटक कंपनी काढली, ती कर्जात बुडाली, आणि ते कर्ज त्यांनी गाण्याच्या मैफली करून फेडलं. लोक या बायांचं नाव घेतात ते त्यांच्या गाण्यासाठी आणि नाचण्यासाठी. सुपारी ठरवणं, उचल देणं, हिशेब मिटवणं, रुसलेल्या कलाकाराची समजूत काढणं हे कामही त्यांनी केलं, त्याची नोंद कमी झाली.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढारी होते डॉ. दत्ता सामंत. साठेक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. हा संप रीतसर कधी मागं घेतलाच गेला नाही. महिने गेले, वर्ष गेलं. काही गिरण्या बंद पडल्या, काहींत थोडेच कामगार परत घेतले. कुणी गावी परतले, कुणी हातगाडी लावली, कुणी पहारेकरी झाले. खाणावळीची उधारी थकली. बायकांनी घरकाम धरलं, पापड लाटले, शिवण घेतलं.

ज्याच्या घरात पगार नाही, तो तिकीट कुठलं काढणार? तमाशाच्या थिएटरांचा गल्ला बसला. हनुमान थिएटर पुढं बंद झालं आणि तिथं लग्नाचा हॉल झाला. लग्नाला भाडं रोख मिळतं आणि मालकाला जोखीम नसते. थिएटर चालवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याचा प्रेक्षकच उठून गेला होता.

मग वळण आलं जमिनीचं. गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती, तीही मुंबईच्या मधोमध. १९९१ साली सरकारनं एक नियम केला. गिरणीची जमीन विकायची किंवा तिच्यावर नवं बांधायचं तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. एक वाटा म्हाडाला, स्वस्त घरांसाठी. एक वाटा मालकाला. आपल्याकडं तीन भावांत शेत वाटतात तसंच. २००१ साली या नियमात बदल झाला. वाटे सगळ्या जमिनीचे न करता, ज्या जमिनीवर काही बांधकाम नाही तेवढ्याच मोकळ्या जमिनीचे करायचे असं ठरलं. गिरणीच्या आवारात मोकळी जमीन थोडीच असते, बाकी सगळ्या शेडच. त्यामुळं लोकांच्या वाट्याला येणारी जमीन फारच कमी झाली. हे प्रकरण न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयानं २००५ साली लोकांच्या बाजूनं निकाल दिला, पण २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं २००१चा बदल कायम ठेवला.

‘मोकळी’ हा एकच शब्द आत घुसला आणि शेकडो एकरांचं पारडं फिरलं. ठरावातला एखादा शब्द किती महत्त्वाचा असतो, हे गटाचं इतिवृत्त लिहिणाऱ्या सख्यांनी यावरून ओळखावं.

कामगारांनी घरांसाठी लढा चालू ठेवला. २०१२ साली म्हाडानं कामगारांच्या घरांची मोठी सोडत काढली. अर्ज लाखाहून जास्त आले होते, घरं काही हजारच होती.

वस्ती महागते म्हणजे काय होतं

या घडामोडीला इंग्रजीत जेंट्रिफिकेशन म्हणतात. हा शब्द १९६४ साली लंडनमध्ये रूथ ग्लास नावाच्या अभ्यासक बाईंनी वापरात आणला. लंडनच्या कष्टकरी वस्त्यांत पैसेवाले लोक घरं घ्यायला लागले, घरांचे भाव चढले आणि मूळच्या लोकांना तिथं राहणं परवडेना, हे त्यांनी टिपलं होतं. आपण साध्या शब्दांत म्हणू, वस्ती महागणं. यात घर पाडायला कुणी यावंच लागतं असं नाही. दुधाचा, भाजीचा, भाड्याचा, चाळीच्या देखभालीचा खर्च इतका वाढतो की माणूस आपण होऊन निघतो.

गिरणगावात तेच झालं. चाळ पाडून इमारत उभी राहिली. काहींना तिथंच नवी खोली मिळाली, पण महिन्याचा देखभाल खर्च झेपेना. मुलाचं लग्न झालं, खोली अपुरी पडली. ती विकून आलेल्या पैशांत कल्याण, डोंबिवली, विरार, बदलापूरला दोन खोल्या आल्या. हा सौदा वाईट होता असं सरसकट म्हणता येणार नाही. चाळीत मजल्याला एकच संडास आणि पाण्यासाठी रोज भांडण. ते सगळं सोसलं बायांनीच. घरात स्वतःचं न्हाणीघर आलं तर कुठल्या बाईला आनंद होणार नाही? जुनं ते सगळं सोनं, असं म्हणून इतिहास कळत नाही.

पण मंडळाच्या बाजूनं पाहा. काल शेजारी राहणारा प्रेक्षक आज दीड तास लांब गेला. रात्रीचा प्रयोग साडेअकराला संपला तर शेवटची गाडी गाठायची धास्ती. घरातल्या बाईला तर एवढ्या रात्री येणं-जाणं शक्यच नाही. कलाकारही पांगले. एक विरारला, एक पनवेलला, एक कर्जतला. तालमीला सगळे एकत्र येईपर्यंत नऊ वाजतात आणि दहाला निघायची घाई सुरू होते. गच्चीवर तालीम करावी तर नव्या इमारतीत गच्चीला कुलूप. नवे शेजारी आवाजाची तक्रार करतात. २००० सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, काही ठरावीक दिवसांची सवलत सोडली तर. आवाजाचा त्रास खरा आहे, आजारी माणसाला झोप हवी हेही खरं. पण रात्रभर रंगणाऱ्या तमाशाला आणि शक्ती-तुऱ्याला दहाचा ठोका म्हणजे आरंभालाच शेवट.

एका प्रयोगाचा हिशेब मांडून बघू. समजा, नाट्यगृहाचं भाडं दहा हजार, ध्वनी आणि दिवे पाच हजार, टेम्पो तीन हजार, कलाकारांचं चहापाणी आणि गाडीभाडं सात हजार. झाले पंचवीस हजार. तिकीट शंभर रुपये ठेवलं तर अडीचशे माणसं येतील तेव्हा खर्च निघेल, आणि एक रुपयाही उरणार नाही. प्रेक्षक शेजारी राहत होता तेव्हा अडीचशे माणसं चालत यायची. आता ती यायची तर त्यांनी तिकिटाइतकाच पैसा प्रवासावर घालायचा. मग मंडळ तिकीट वाढवतं, तिकीट वाढलं की गरीब प्रेक्षक गळतो, तो गळला की तिकीट आणखी वाढवावं लागतं. हे चक्र एकदा सुरू झालं की कितीही चांगला नट असला तरी ते थांबवता येत नाही.

जागा असूनही अडचण

एवढं ऐकून तुम्ही म्हणाल, ज्यांच्याकडं स्वतःची जागा होती ते तरी सुखी असतील. तसंही नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ संस्थेनं प्रायोगिक नाटकांची मोठी चळवळ चालवली. कितीतरी मोठे लेखक, नट, दिग्दर्शक तिथून पुढं आले. पण जागा शाळेची होती. दीड दशकानंतर ती सुटली आणि संस्थेला माहीमला महापालिकेच्या शाळेत बस्तान हलवावं लागलं. सुलभाताईंनी नटी म्हणून नाव कमावलं, तशीच संस्था हलवण्याची आणि जगवण्याची किचकट कामंही केली.

दामोदर नाट्यगृहाची गोष्ट ताजी आहे. शंभरी उलटल्यावर, २०२३च्या नोव्हेंबरात, पुनर्विकासासाठी ते बंद झालं. त्याच आवारात संस्थेची शाळा आहे आणि शाळेला नवी इमारत हवी होती. नव्या आराखड्यात नाट्यगृहाला किती आणि कुठली जागा मिळणार, यावरून कलाकार आणि कोकणातली मंडळं रस्त्यावर आली. सरकारनं कामाला स्थगिती दिली. इथं एका बाजूला चांगलं आणि दुसऱ्या बाजूला वाईट अशी सोपी वाटणी करता येत नाही. एका बाजूला मुलांची शाळा आहे आणि दुसऱ्या बाजूला लोककलेचं घर. जमीन इतकी मोलाची झाली, की दोन चांगल्या कामांनाच एकमेकांसमोर उभं राहावं लागलं. संस्था चालवणाऱ्यांवर येणारा सगळ्यात अवघड प्रसंग तो हाच.

प्रेक्षक पांगला, पण संपला नाही, हेही सांगायला हवं. ठाण्याला गडकरी रंगायतन आहे, कल्याणला अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले नाट्यगृह, वाशीला विष्णुदास भावे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे. मुंबईबाहेर फेकला गेलेला मराठी प्रेक्षक आज तिथं नाटकाला जातो. ही नाट्यगृहं पालिकांनी बांधली, म्हणून नाटकाला आधार राहिला. पण व्यवसायाची नाटकं तिथं तारखांसाठी रांग लावून असतात. गावच्या छोट्या मंडळाला रविवारची तारीख मिळणं मुश्कील.

एक नवस आणि एक धडा

लालबागचीच आणखी एक गोष्ट सांगते. १९३२ साली तिथला पेरू चाळीचा बाजार बंद झाला. कोळी बांधव, कोळणी आणि छोटे दुकानदार उघड्यावर आले. कायमच्या बाजाराला जागा मिळू दे, म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला आणि जागेसाठी खटपटही केली. जागा मिळाली. १९३४ साली त्यांनी गणपती बसवला. तोच आजचा लालबागचा राजा. आज तिथं लाखो लोक रांग लावतात, पण मुळात तो नवस व्यापाराच्या हक्काच्या जागेसाठी होता हे थोड्यांना ठाऊक आहे. त्या माणसांनी नुसतं देवावर सोडलं नाही. एकत्र राहिली, मागणी लावून धरली, जागा पदरात पाडून घेतली आणि उत्सव त्या जागेला बांधला. त्यांची जागा पक्की झाली म्हणून उत्सवही टिकला.

गिरणगावाच्या इतिहासातून मला कळलेली गोष्ट अशी. कला माणसांच्या गळ्यात आणि पायात असते, पण कलेची संस्था जमिनीवर उभी असते. आपल्या मंडळांनी गळा आणि पाय जपले, जमिनीचा कागद जपला नाही. जे कागद जपत होते त्यांनी कायद्यातला शब्द बदलताना पाहिला, तोवर उशीर झाला होता.

हे शहरापुरतं राहिलेलं नाही. तालुक्याच्या गावाजवळून महामार्ग जातो, भोवती प्लॉट पडतात, आठवडी बाजाराच्या मैदानावर दुकानगाळे काढायचा ठराव येतो. जत्रेत तमाशाची कनात लागायची ती गायरानाची जागा कुंपणात जाते. भजनी मंडळ बसतं ते समाजमंदिर ‘दुरुस्तीसाठी’ बंद होतं आणि उघडतं तेव्हा त्याला भाडं लागलेलं असतं. सुरुवात अशीच बारीक असते.

म्हणून पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि चार प्रश्न एकमेकींना विचारा. आपण जिथं जमतो, गातो, फुगड्या घालतो, ती जागा कागदावर कुणाच्या नावावर आहे? तिचा उतारा आपल्यापैकी कुणी पाहिला आहे का? त्या जागेच्या समितीवर बाया आहेत का, आणि असल्या तर सही करण्यापलीकडं बोलतात का? आणि गावातल्या कुठल्या गटाकडं, भजनी मंडळाकडं, नमनाच्या किंवा भारुडाच्या संचाकडं स्वतःचं बँक खातं आणि वर्षाचा हिशेब आहे?

उत्तर ‘माहीत नाही’ असं आलं, तर ग्रामसभेची पुढची तारीख विचारून घ्या. समाजमंदिराचा, मैदानाचा, बाजाराच्या जागेचा विषय येईल त्या दिवशी भाकरी लवकर थापून जा. ठराव वाचून दाखवायला सांगा, शब्दन् शब्द ऐका, आणि नाही कळला तर पुन्हा वाचायला सांगा.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरातले कुणी गिरणगावात होते, फडात होते, मेळ्यात गात होते, तर त्यांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून लिहून घ्या आणि आपल्या केंद्राकडं पाठवा.